पंचकाकांचं कपाळ

कुस्तीत रक्त हवं की नको, हा विषय पंचकाकांसमोर कुणी काढला की त्याचा तासभर गेलाच म्हणून समजायचं. ते ज्या कंपनीत बावीस वर्षं पंच होते, तिथल्या कुस्त्या तिकीट लावून व्हायच्या आणि कोण जिंकणार हे गुरुवारीच ठरलेलं असायचं. कुणी कुणाला कधी उचलायचं, कुणी कुठे पडायचं, सगळं तालमीत बसवलेलं. बघणाऱ्यांनाही ते ठाऊक असायचं, आणि ठाऊक असूनही ते घसा बसेपर्यंत ओरडायचे. "म्हणूनच रक्त पाहिजे," पंचकाका सांगायचे. "बाकी सगळं आपण ठरवून करतो. निदान एक गोष्ट तरी खरी द्यायला नको का त्यांना?"

ती खरी गोष्ट पंचकाकांच्याच बोटावर असायची. दाढीच्या पात्याचा बारीकसा कोपरा चिकटपट्टीत गुंडाळून ते उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला बांधायचे. वेळ आली की अंगठ्याने पट्टीची घडी उलटायची, म्हणजे टोक बाहेर यायचं. मग पडलेल्या पैलवानाची विचारपूस करायच्या निमित्ताने वाकायचं आणि हळूच ते बोटावरून सोडवून त्याच्या हातात सरकवायचं. पैलवान पालथ्याचा पालथाच कपाळावर केसांखाली एक रेघ ओढायचा. घामात मिसळलं की थेंबभर रक्त वाटीभर दिसतं. कंपनीतल्या जुन्या मंडळींची कपाळं त्यामुळे रेघी वहीच्या पानासारखी झाली होती. "मुंगी चावल्यासारखं वाटतं, बाकी काही नाही," असं पंचकाका नव्यांना सांगायचे. त्यांना स्वतःला आजवर मुंगीशिवाय दुसरं काहीच चावलेलं नव्हतं.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सोमवारी मालकांकडून घरी कापडाचं पुडकं आलं. पंचकाकांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, कंपनीचे पोशाख शिवायच्या. पुढच्या खोलीत खिडकीला लागून त्यांचं शिलाई मशीन होतं. भिंतीवरच्या खुंट्यांना राक्षसांची बाराबंदी, वाघाची पाठ, भुताचे हातमोजे असं काय काय लटकलेलं असायचं. काकूंनी पुडकं सोडलं आणि चष्मा कपाळावर ढकलला. कापड पांढरंशुभ्र होतं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, तुमच्या लेकीच्या मापाने, शनिवारच्या आत.

कंपनीत पांढरा पोशाख एकाच कारणासाठी शिवला जायचा. काळ्यावर रक्त दिसत नाही आणि लालवर वाया जातं.

"अहो," काकूंनी हाक मारली, "जरा इकडे या. हे बघा काय पाठवलंय तुमच्या मालकांनी."

पंचकाका टॉवेलने कान पुसत आले, कापड बघितलं, चिठ्ठी वाचली आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"बावीस वर्षं मी तुमचं ते रक्त गार पाण्यात घासतेय," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तो चढला नाही की पंचकाकांना जास्त भीती वाटायची. "दुसऱ्यांच्या पोरांचं होतं म्हणून घासलं. हे मी घासणार नाही. काय करायचं ते तुम्ही करा."

लेक चोवीस वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वी ती रिंगमध्ये उतरली आणि 'घोरपड' या नावाने गाजायला लागली, कारण एकदा पकड घातली की ती सोडवायला दोघे लागायचे. ती पंचकाकांची मुलगी आहे हे मात्र बघणाऱ्यांपैकी कुणालाही माहीत नव्हतं. पंचाला नातं नसतं, हा कंपनीचा पहिला नियम. पैलवानाचा बापच पंच म्हणून उभा राहिला, तर त्याच्या जिंकण्यावर कोण विश्वास ठेवणार? त्यामुळे हॉलच्या दारातून आत शिरलं की ती इतरांसारखं 'पंचकाका' म्हणायची आणि घरी आलं की 'बाबा'. येत्या शनिवारी तिची पहिलीच मुख्य कुस्ती होती.

संध्याकाळी ती खांद्यावर पिशवी टाकून घरात शिरली आणि कापड बघून नाचायलाच लागली. "आलं? काय झकास पांढरं आहे! आई, बाह्या नकोत हं, पकड बसत नाही."

"तू हे करायचं नाहीस," पंचकाका म्हणाले.

"का?"

"का म्हणजे? मी सांगतो म्हणून."

लेकीने पिशवी खाली ठेवली, हात पाठीमागे बांधले, पोट पुढे काढलं आणि घसा खाकरला. "बाकी सगळं आपण ठरवून करतो, लंबू. निदान एक गोष्ट तरी खरी द्यायला नको का त्यांना? मुंगी चावल्यासारखं वाटतं, बाकी काही नाही." लंबू हा कंपनीतला उंच पैलवान, आणि नक्कल इतकी हुबेहूब होती की काकूंना रागातही हसू आलं. ते लपवायला त्या मशीनखाली पडलेली, आणि मुळात न पडलेली, सुई शोधू लागल्या.

"तुझं वेगळं आहे," पंचकाका म्हणाले.

"काय वेगळं?"

"तू माझी मुलगी आहेस."

"आणि लंबू काय झाडावरून पडलाय? त्यालाही आईबाप आहेत. दर रविवारी फोन करतात."

पंचकाका मालकांच्या चिठ्ठीची घडी घालत बसले. मग मोठ्या कष्टाने म्हणाले, "नाहीतर रंग लाव. लाल रंग. कुणाला कळतंय?"

"रंग?" लेक आ वासून बघत राहिली. "बाबा, तुम्ही बोलताय हे? त्या जोकर पैलवानाने एकदा रंगाची पुडी फोडली तर तुम्ही महिनाभर त्याच्याशी बोलला नव्हतात!" मग ती त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि तिचा आवाज खाली आला. "लोक मला टाळ्या देतात, पण काय म्हणतात माहितीये? पोरगी उड्या छान मारते. सगळ्या मोठ्यांच्या कपाळावर खुणा आहेत. माझं कपाळ कोरं आहे तोवर मी पोरगीच राहणार."

  हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. बावीस वर्षांत बोललेला शब्द न् शब्द आज व्याजासकट घरी परत आला होता, आणि स्वतःच्याच बोलण्यात माणूस असा सापडला की त्याला सुटायला वाट नसते.

दुसऱ्या दिवशी ते मालकांच्या खोलीत जाऊन थडकले. मालक तोंडात दातकोरणं धरून जाहिरातीची चित्रं बघत होते. ते दातकोरणं बोलताना या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जायचं, पण कधी पडायचं नाही.

"काका, मी सांगितलेलं नाही," मालक म्हणाले. "तीच आली मागायला. तुमचं भाषणच म्हणून दाखवलं तिने मला. आता तुम्हीच नको म्हणायला लागलात तर मी बाकीच्यांना काय तोंड दाखवू?" दातकोरणं डावीकडून उजवीकडे गेलं. "तुम्हाला जड जात असेल तर त्या दिवशी धाकट्या पंचाला उभा करतो. पातं तो देईल."

धाकट्या पंचाचा हात नुसती नाणेफेक करतानाही थरथरायचा. त्या हातातून आपल्या लेकीच्या हातात पातं जाणार होतं. "नको," ते घाईघाईने म्हणाले. "मीच उभा राहतो." आणि अडवायला गेलेला माणूस होकार देऊन बाहेर आला.

शनिवारी दुपारी चार वाजता सहाशे खुर्च्यांचा हॉल भरला. घोरपडीच्या समोर होती हातोडी. हातोडी म्हणजे एरवी शाळेत कवायत शिकवणारी, दोन मुलांची आई, बोलायला लोण्यासारखी मऊ. रिंगमध्ये शिरली की मात्र पुढच्या रांगेतली लहान मुलं खुर्चीखाली जायची. लेक पांढऱ्या पोशाखात दोऱ्यांवरून उडी मारून आत आली. काकूंनी शेवटी तो शिवला होता, आणि इतका बेतशीर शिवला होता की पंचकाकांना त्याकडे बघवेना.

अकराव्या मिनिटाला ठरल्याप्रमाणे हातोडीने घोरपडीचं डोकं कोपऱ्यातल्या खांबाच्या गादीवर आपटलं. खरं म्हणजे लेकीने स्वतःचा तळहात मध्ये घातला होता आणि आवाज पाय आपटून काढला होता. ती पालथी पडली. पंचकाका गुडघ्यांवर बसले.

"ठीक आहेस?"

"हो. द्या."

पंचकाकांनी अंगठ्याने पट्टीची घडी उलटली. टोक बाहेर आलं. आता हात फक्त वीतभर पुढे न्यायचा होता. बावीस वर्षांत हे त्यांनी किती वेळा केलं असेल याची गणती नाही, पण आज तो हात काही केल्या पुढे जाईना.

"द्या ना," लेक गादीत तोंड खुपसून पुटपुटली.

"थांब जरा."

"थांब काय? हातोडीताईंनी काय करायचं तोवर?"

हातोडी बिचारी वेळ काढत होती. तिने दोऱ्यांभोवती दोन फेऱ्या मारल्या, मुठी दाखवल्या, पुढच्या रांगेला दमात घेतलं. पण मुळात सभ्य बाई, तिच्याकडे अपशब्दांचा साठा तो केवढा! ती तेच तेच तिसऱ्यांदा बोलायला लागली तेव्हा एक टकलू प्रेक्षक म्हणाला, "बाई, हे झालं सांगून." इकडे पंचकाकांच्या डोक्यावर दिवे तापलेले. घाम कपाळावरून भुवयांत, भुवयांतून डोळ्यांत उतरत होता. त्यांना पुढचं धूसर दिसायला लागलं. लेकीने मान वळवून पाहिलं, तेवढ्यात त्यांनी उजवा हात वर नेला.

"बाबा!"

ती किंकाळी सगळ्या हॉलने ऐकली. पुढच्या रांगेतली एक म्हातारी ताडकन उभी राहिली. "अगं बाई, बाप आहे तो तिचा!" ती शेजारणीला म्हणाली, आणि हां हां म्हणता तिच्यामागे ओळीने सगळा हॉल उठला. हे उठलेत कशाला, असा विचार पंचकाका करतच होते, तेवढ्यात त्यांचा डावा डोळा लाल झाला.

पांढऱ्या शर्टाच्या कॉलरपर्यंत रक्त आलं. हातोडी धावत आली आणि बघणाऱ्यांना गळा दाबतेय असं दाखवत त्यांच्या कानाशी कुजबुजली, "काका, हे ठरलं होतं?"

"नाही."

"मग मी काय करू?"

"पड!"

"कुठे?"

"कुठेही पड, बाई!"

लेक उठलीच होती. तिने हातोडीला जेमतेम बोट लावलं आणि हातोडी एखादी भिंत खचावी तशी कोसळली. लेक तिच्यावर पडली. पंचकाकांनी उरलेल्या एका डोळ्याने अंदाज घेऊन गादीवर थाप मारली. सहाशे लोकांनी त्यांच्याबरोबर एक, दोन, तीन म्हटलं, आणि मग जो गलका झाला तसा त्या छपराखाली आधी कधी झाला नव्हता.

कपडे बदलायच्या खोलीत कंपनीत मलमपट्टी करणाऱ्या सिस्टरांनी त्यांना बाकावर बसवलं आणि टाके घालायला घेतले. चार पडणार होते. भोवती सगळी कंपनी जमली.

"काका, मानलं तुम्हाला!" लंबूचे डोळे भरून आले होते. "पोरीवर वेळ येऊ नये म्हणून स्वतःचं कपाळ फोडून घेतलंत!"

"असा बाप बघितला नाही," जोकर म्हणाला. रंगाच्या पुडीनंतर तो काकांशी इतकं आपुलकीने पहिल्यांदाच बोलत होता.

पंचकाका खरं सांगायला तोंड उघडणार होते. पण कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी पंखा आपल्याकडून त्यांच्याकडे वळवला, धाकट्या पंचाने तर वाकून पाय धरले. पंचकाका हरभऱ्याच्या झाडावर एकेक फांदी वर चढत गेले. "आता बापाचं काळीज म्हटल्यावर..." एवढंच ते म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी ज्याचं त्याला पुरं करू दिलं. दारात काकू उभ्या होत्या. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्यांनी या माणसाला पुरतं ओळखलेलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. लेक कोपऱ्यात पेटीवर बसून एकटक वडिलांकडे बघत होती. ती एक शब्दही बोलली नव्हती.

मग मालक आले. आनंदाने त्यांचं दातकोरणं उभंच राहिलं होतं.

"काका, आज तुम्ही सिद्ध करून दाखवलंत! रक्ताशिवाय कुस्ती नाही!" त्यांनी सगळ्यांकडे वळून हात पसरले. "बघा रे, चोपन्नाव्या वर्षी हा माणूस आपणहून कपाळ पुढे करतो. आणि तुम्ही कुरकुरता! पुढच्या शनिवारी लेकीचं रक्त, त्याच्या पुढच्या शनिवारी बापलेकीचं दोघांचं. चित्रं आजच काढायला सांगतो."

पंचकाका झाडावरून एकदम खाली आले. आपल्या फुशारकीची दोरी करून मालक ती लेकीच्याच गळ्यात घालत होते. खरं सांगावं तर या सगळ्यांसमोर शोभा होणार, आणि अशी होणार की उरलेल्या नोकरीभर लोक तोंड लपवून हसणार. न सांगावं तर पुढच्या शनिवारी पुन्हा तोच वीतभर हात. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती अजून वाट बघत होती.

"मालक," पंचकाका म्हणाले, "मी मुद्दाम नाही केलं."

"म्हणजे?"

"घाम पुसायला गेलो."

 मग लंबूच्या नाकातून एक विचित्र आवाज आला, आणि त्यानंतर जो हास्याचा स्फोट झाला त्याने लोखंडी कपाटांची दारं वाजली. हातोडी भिंतीला टेकून खाली बसली. सिस्टरांना सुई बाजूला ठेवावी लागली. "बावीस वर्षं!" जोकर पोट धरून ओरडत होता. "बावीस वर्षं बोटावर पातं बांधतोय हा माणूस!" मालकांच्या तोंडातून दातकोरणं खाली पडलं, ते पडलेलं सर्वांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"मला दिसलं होतं," लेक म्हणाली. "हात वर जाताना दिसला म्हणून तर ओरडले."

"मग इतका वेळ बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती वेळ गप्प बसता ते बघत होते."

पंचकाकांचे कान लाल झाले. पण एकदा अब्रू गेलीच होती, तर निकालही पुरा द्यावा असं त्यांना वाटलं. "आणखी एक, मालक. लोक उठले ते तिच्या हाकेला. रक्त त्यानंतर आलं. तोवर माझे दोन्ही डोळे उघडे होते, मी बघितलंय."

"असेल," मालक दातकोरणं शोधत म्हणाले. ते हट्टी होते, पण वाईट नव्हते. "पण ती हाक एकदाच चालते, काका. पुढच्या आठवड्यात काय दाखवू? शेवटी तिची मर्जी. काय गं, शनिवारी करतेस ना?"

 लेक उठून वडिलांपुढे येऊन बसली. "बाबा, दुखतंय का?"

हसणं थांबलं. रिंगमधून आलेल्या प्रत्येकाला पंचकाका हा प्रश्न विचारत आले होते, आणि त्याचं उत्तर कंपनीत एकच होतं, 'काही नाही'. सगळे त्यांच्याकडे बघत होते. पंचकाकांनी खुणांनी भरलेली ती सगळी कपाळं एकेक करून बघितली.

"हो," ते म्हणाले. "खूप दुखतंय. मघापासून ठणकतंय, आणि मान वळवली की गरगरतंय."

 मग जमिनीवर बसलेली हातोडी म्हणाली, "मलाही दुखायचं, काका."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारायचात, आणि लगेच तुम्हीच म्हणायचात, काही नाही ना? मग काय बोलणार?"

"मला तर दोन दोन रात्री कूस बदलता यायची नाही," लंबू म्हणाला. "आईला फोनवर सर्दी झालीये म्हणून सांगायचो."

"म्हणून तर मी रंग आणला होता," जोकर म्हणाला.

एकेक करत सगळेच बोलायला लागले. कोपऱ्यातले म्हातारे पैलवानसुद्धा, ज्यांच्या कपाळावर आता नव्या रेघेला जागा नव्हती. पंचकाका खाली मान घालून ऐकत राहिले. त्यांना भयंकर लाज वाटत होती. "माफ करा रे," ते म्हणाले. "खरंच माफ करा." काकूंनी दारातून आत येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

लेक उठली आणि मालकांसमोर उभी राहिली.

"नाही करणार, मालक. मला वाटत होतं, सगळ्यांना चालतं, मग मलाही चालेल." तिने मागे बघितलं. "इथे कुणालाच चालत नव्हतं."

मालकांनी खोलीभर एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली. या वेळी कुणीच नजर खाली घातली नाही.